समोरून उत्तर येत नाही

१५ जानेवारी १९९२, जळगाव

रोजनिशी लिहायची मला सवय नाही. लिहितेय ती एवढ्यासाठी, की परवा संध्याकाळी भर रस्त्यात आमच्या वसतिगृहातल्या प्रमिलाचं डावं मनगट मोडलं, आणि तेव्हापासून जो येतो तो मला समजावतो की चूक तिचीच. त्यांना तोंडावर उत्तर दिलं तर माझी अधीक्षिकेची नोकरी जाईल. पोटात ठेवलं तर मी जाईन. म्हणून हे.

झालं ते असं. मुली व्यायामशाळेतून लाठीचा सराव करून परत येत होत्या. सव्वीस जानेवारीला मैदानावर प्रात्यक्षिक आहे. पिंप्राळ्याच्या वळणावर, वनाच्या पानटपरीसमोर, नरेशने राजदूत मोटरसायकल आडवी घातली. नरेश म्हणजे आमच्या ट्रस्टचे अध्यक्ष मोतीलालशेठ, त्यांचा पुतण्या. दिवाळीपासून तो या पोरीच्या मागे आहे. कधी शीळ, कधी गाडी हळू करून बरोबरीने चालवणं. परवा त्याने ओढणी धरली.

प्रमिला बारावीत आहे. तीन वर्षं लाठी शिकतेय. जिल्ह्यातून ढाल आणलीय तिने, माझ्या ऑफिसात टांगलेली आहे. हातात लाठी होतीच. तिने काय करावं? ओढणी सोडवली, दोन पावलं मागे गेली, सलामी दिली, पवित्रा घेतला आणि ओरडली — "सावध!"

आणि थांबली.

कारण समोरचाही "सावध" म्हणतो, मग पहिला वार करायचा. असं गिरधर आबांनी शिकवलंय. आबा म्हणजे त्यांचे वस्ताद. समोरून उत्तर यायची वाट बघत ती पोर भर रस्त्यात लाठी धरून उभी राहिली. नरेश हसला, लाठीचं टोक धरून त्याने हिसका दिला. ती हातावर पडली.

बरोबरच्या मुली? रांगेत उभ्या. आबांची शिट्टी वाजल्याशिवाय जागा सोडायची नाही, असंही शिकवलंय.

टपरीवरची माणसं हसली. "अरे, फिरवून तर दाखव!" असं कुणीतरी म्हणालं. प्रमिलाने मला हात मोडल्याचं नंतर सांगितलं, हे आधी.

१६ जानेवारी

पोलीस ठाण्यात गेले. संक्रांतीचे दिवस. हवालदाराने आधी तिळगूळ पुढे केला, गोड बोला म्हणाला. मी म्हटलं, तक्रार लिहून घ्या, मग गोड बोलते.

तो म्हणाला, "बाई, वना पानवाल्याला विचारलंय आम्ही. तो सांगतो, आधी मुलगीच ओरडली. हातात लाठी घेऊन सावध म्हणणं म्हणजे धमकीच की. जो आधी धमकी देतो, त्याचीच मारायची तयारी असते. ह्याच्यात मुलीवरच उलटेल."

येताना टपरीवर थांबले. वना पानाला चुना लावत होता. मान वर न करता म्हणाला, "मी खोटं नाही बोललो बाई. जे ऐकलं ते सांगितलं. ओढणीचं मी पाहिलंच नाही, गिऱ्हाईक होतं."

पाहिलं नाही! हसायला बरं दिसलं सगळ्यांना.

१८ जानेवारी

ट्रस्टची बैठक. मोतीलालशेठनी पुतण्याचं नाव एकदाही घेतलं नाही. "तो प्रकार" म्हणत होते. ठराव झाले. मुलींनी पाचच्या आत दाराच्या आत. बाहेर जाताना लाठी न्यायची नाही. "बाईसाहेब, लाठी शोभेची वस्तू आहे," शेठ म्हणाले. "मैदानावर छान दिसते. रस्त्यावर नको."

मी विचारलं, नरेशने किती वाजता घरात यायचं, त्याचा ठराव कधी? कुणीतरी खोकलं. मग चहा आला.

म्हणजे ज्याने हात घातला तो मोकळा, आणि जिला पाडलं ती पाचनंतर कोंडलेली. हे मी लिहून ठेवतेय, कारण बैठकीच्या इतिवृत्तात ते असणार नाही.

२० जानेवारी

प्रमिलाचे वडील भिकनभाऊ आले. साक्रीकडून पहाटेच्या एसटीने. ओसरीवर बसले, पाणी घेतलं नाही. पोरीच्या प्लास्टरकडे नुसतं बघत राहिले. मग माझ्याकडे वळून —

"अक्का, तुम्हीच सांगं व्हतं ना. पोर लाठी शिकी जाई, तिले कोनी हात लावनार नई. मंग? लावा ना हात?"

 हो, मीच म्हणाले होते. दर जूनला सगळ्या आईबापांना म्हणते.

"बठ्ठा गाव हासी ऱ्हायना. मन्ही पोर मी घर लई जास. पोऱ्या देखी ठेयेल शे."

सगळं गाव हसतंय, म्हणून पोरीला घरी नेणार. मुलगा पाहून ठेवलाय म्हणे. धुळ्याला ट्रकवर आहे. प्रमिला दाराआड उभी होती. ती बाहेर आली आणि एवढंच म्हणाली, "बा, मार्चमा परीक्षा शे. मंग काय करनं ते करा."

बापाने मान फिरवली. पण एकटेच परत गेले. परीक्षेच्या आधी येतो आणि ठरवतो म्हणाले. म्हणजे सारं मार्चवर आलं. पेपर दिले तर पुढे डी.एड. होईल, मास्तरीण होईल. पुन्हा काही घडलं तर ट्रकवाल्याची बायको. त्या ट्रकवाल्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. तिने त्याला अजून पाहिलेलंही नाही.

२६ जानेवारी

प्रात्यक्षिक झालं. मुलींनी लाठी अशी फिरवली की नुसती चक्रं दिसत होती. टाळ्या. मोतीलालशेठ मंडपात पहिल्या खुर्चीवर. त्यांच्या मागे नरेश, गॉगल लावून. तोही टाळ्या वाजवत होता.

प्रमिला माझ्या शेजारी बसली होती, हात गळ्यात. मला हळूच म्हणाली, "अक्का, मैदानावर समोरची पण सावध म्हणते."

३० जानेवारी

शेठनी भुसावळहून कराटेचा मास्तर बोलावला. पांढरे कपडे, काळा पट्टा. त्याने अंगणात कौलं रचली, श्वास घेतला, किंचाळला आणि हाताने फोडली. मुली थक्क. मी म्हटलं, कौलं फोडायला आमच्याकडे वानरं आहेत, दर आठवड्याला फुकट फोडतात. तुम्ही एवढं सांगा, एखाद्याने मागून वेणी धरली तर काय?

तो म्हणाला, "मॅडम, ते तिसऱ्या वर्षाला येतं."

तिसऱ्या वर्षाला! तोवर वेणीवाल्याला सांगून ठेवते, थांब रे बाबा.

३१ जानेवारी

काल मी कराटेवाल्याला हसले, पण आमची लाठी तरी काय वेगळी? रात्रभर तेच. धुळ्याला माझ्या वडिलांची व्यायामशाळा होती. बी.ए.ला असतानाही संध्याकाळी मी तिथे लाठी खेळायची. "सावध" न म्हणता हात उचलला तर वडील त्या दिवसापुरती लाठी काढून घेत. न सांगता वार करणं म्हणजे घाण काम. हे मला माझ्या नावासारखं पाठ आहे. त्यांची लाठी अजून माझ्या खोलीच्या कोपऱ्यात आहे, पितळी टोपणाची.

दोघंही खेळायला आलेले असतात तेव्हा ती रीत ठीक आहे. पण नरेश खेळायला आला नव्हता.

उद्या गिरधर आबांना गाठते.

१ फेब्रुवारी

गाठलं. अंगणातच, मुलींसमोर. आबा सत्तरीला आलेत, धोतर, पांढऱ्या मिशा, सगळं गाव त्यांना वाकतं. मी म्हटलं, आबा, हे सावध बंद करा.

"अक्का, न सांगता मारतो तो चोर. सांगून मारतो तो मर्द."

"मग तुमची पोर मर्द झाली आणि चोर राजदूतवर बसून घरी गेला."

त्यांचा चेहरा लाल झाला. "पन्नास वर्षं मी हेच शिकवलं."

"पन्नास वर्षांत स्वतः किती वेळा भांडणात लाठी चालवलीत?"

  मग आबा खालच्या आवाजात म्हणाले, "एकदाही नाही. मला पाहिलं की लोक बाजूला व्हायचे."

हे ऐकून माझा राग निम्मा व्हायला हवा होता. झाला नाही. मी पुढे होऊन त्यांच्या लाठीचं टोक धरलं आणि ओढलं. ते दोन पावलं फरपटत आले. "अहो थांबा, सावध म्हटलं नाही तुम्ही!" — वस्ताद स्वतः! मुली फिसकन हसल्या. मी पुन्हा ओढलं.

या वेळी म्हातारा चिडला. त्याने ओढाओढी केलीच नाही. मी ज्या दिशेने ओढत होते, त्याच दिशेने सगळं अंग लावून लाठी माझ्यावर लोटली. मी धुळीत बसले. चांगली पसरून.

स्वयंपाकाच्या बेबाबाई दारातून म्हणाल्या, "अक्का, पाणी आणू, की तिथंच अंथरूण घालू?"

आबा घाबरून हात द्यायला धावले. मी खाली बसूनच विचारलं, हे काय होतं?

"जुना डाव आहे. ओढणाऱ्याला ओढू द्यायचं आणि त्याच्यासंगंच जायचं. माझ्या वस्तादांनी शिकवला होता."

"मग मुलींना का नाही शिकवलात?"

त्यांनी लाठी खाली ठेवली. "मैदानावर दिसत नाही तो. टाळी पडत नाही. शाळावाले म्हणायचे, आबा, फिरवायचं शिकवा. मग फिरवायचंच राहिलं."

टाळी पडत नाही! याच्यावर किती लिहावं? आम्ही सगळ्यांनी मिळून टाळी पडणारं तेवढं ठेवलं आणि बाकीचं मरू दिलं. मग मुलींच्या हातात उरलेलं देऊन सांगितलं, जा, आता तुला भीती नाही.

२ फेब्रुवारी

बसता येत नाही. उभ्याने लिहिलं.

६ फेब्रुवारी

परवापासून नवा वर्ग सुरू. पाचनंतर मुली आत हव्यात ना? आहेत. अंगणात. शेठच्या ठरावाचा एवढा उपयोग झाला.

पण अडचण अशी की आबा गुंडाचं सोंग घेऊन पुढे आले तरी एकही मुलगी त्यांना मारेना. हात उचलतात आणि हवेत ठेवतात. रोज वर्ग सुरू होताना सगळ्या त्यांच्या पाया पडतात. आबांनी दोन दिवस पाहिलं. आज त्यांनी पाय मागे घेतले.

"आजपासून पाया पडणं बंद. ज्याच्या पाया पडता त्याला मारवत नाही."

मुलींना ते मारण्याहून कठीण गेलं. एक तर रडली. मला आबांचं कौतुक वाटलं. इतकी वर्षं माणूस त्या नमस्कारावरच जगला. आणि तरी त्यांना कुणी मारलं नाहीच. शेवटी गुंड मी झाले. माझा राग मुलींना माहीत आहे, आणि माझ्यावर त्यांचाही असणारच.

८ फेब्रुवारी

डोळा काळा. बेबाबाईंनी हळद लावली. खालच्या इयत्तेतल्या मुलीने कोपर मारलं. छान मारलं.

१५ फेब्रुवारी

काय शिकवतो ते लिहून ठेवते, उद्या शेठ विचारतील. सलामी नाही. पवित्रा नाही. सावध नाही. लाठी लांब असो की आखूड, कुणी धरली तर ओढायचं नाही, त्याच्याच अंगावर लोटायची. वेणी धरली तर मागे जायचं, त्याच्यावर पडायचं. चावायचं. आणि एकदा मारलं की उभं राहायचं नाही, चालू लागायचं. ही शेवटची गोष्ट मुलींना जमत नाही. मारून झालं की त्या थांबतात आणि बघतात, टाळी येते का.

प्रमिला प्लास्टरमुळे कडेला बसते. पण बघते फार.

२७ फेब्रुवारी

प्लास्टर काढलं. हात बारीक दिसतो, लाकडासारखा ताठ. डॉक्टर म्हणाले, वापर, म्हणजे सुटेल. रिक्षातून येताना पेढा दिला तर तिने डावा हात पुढे केला. मी म्हटलं, उजवा. पेढा काय डाव्या हाताने घेतात? वळण ते वळण.

संध्याकाळी तिने लाठी धरली. दुखत होतं, तरी सोडली नाही. बाकीच्या मुली थकल्या तरी ती एकटी आबांशी तोच डाव करत राहिली. ओढा आबा. पुन्हा ओढा.

३ मार्च

भिकनभाऊ आले. या वेळी पाणी घेतलं.

"परीक्षा देई ले. पन अक्का, तुम्ही सोता तिले लई जा, सोता लई या. तुम्हना भरोसावर. काही व्हयनं, ते मी तठेच गाडीमा बसाडसू."

काही घडलं तर तिथूनच एसटीत बसवणार म्हणे. मी शब्द दिला. केंद्रावर नेईन आणि आणीन, प्रत्येक पेपरला. वडिलांची लाठी घेऊन जाईन. लाठी नेऊ नये हा ठराव मुलींसाठी आहे, अधीक्षिकेसाठी नाही. वाचून पाहिला.

५ मार्च

मराठीचा पेपर. बरा गेला. रस्त्यात कुणी नाही.

९ मार्च

इंग्रजी. तिचा चेहरा उतरलेला.  नरेश टपरीवर होता, नुसता बघत होता. वनाने त्याला पान दिलं.

१२ मार्च

घाईत लिहितेय, अक्षर वाईट येईल.

आज इतिहास. चांगला गेला म्हणून पोर खुश होती. रिक्षा नको, चालत जाऊ म्हणाली. टपरीच्या वळणावर राजदूत आडवी. नरेश गाडीवर बसूनच म्हणाला, "काय प्रमिला, आता म्हातारी घेऊन फिरतेस?" टपरीवर हशा. त्याने हात लांब करून तिची पिशवी धरली. आत हॉल तिकीट होतं.

मी पुढे झाले. लाठी वर गेली. आणि माझ्या तोंडातून काय निघावं?

"सावध!"

मी! दीड महिना अंगणात घसा फोडून ज्या बाईने ते बंद केलं, ती! खणखणीत, अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल असं. आणि म्हणून थांबलेसुद्धा. किती वेळ ते माहीत नाही, पण थांबले. वडिलांनी तेवढ्यात लाठी काढून घेतली असती तर बरं झालं असतं. नरेशने धरली. टोक पकडून हिसका दिला, मी गुडघ्यावर आले, तरी सोडली नाही.

प्रमिला काही बोलली नाही. तिचा आवाज मी ऐकलाच नाही. नुसते तिचे दोन्ही हात माझ्या हातांच्या पुढे लाठीवर आलेले दिसले. तिने ओढली नाही. तो ओढत होता तिकडेच सगळं अंग टाकून लाठी लोटली. पितळी टोपण त्याच्या गळ्याखाली लागलं. काडकन आवाज झाला. तो गाडीसकट पलीकडे पडला.

ती थांबली नाही. पिशवी उचलली, मला बगलेत धरून उठवलं आणि म्हणाली, "अक्का, चला."

चाललो. मागे कुणी हसलं नाही.

संध्याकाळी मोतीलालशेठचा माणूस आला. नरेशच्या गळ्याखालचं हाड मोडलंय. शेठ मुलीवर केस करणार. उद्या सकाळी तिला ठाण्यात बोलावलंय. दोन पेपर राहिलेत. ठाण्याच्या फेऱ्या सुरू झाल्या, भिकनभाऊंना कळलं, की ती त्याच दिवशी एसटीत.

प्रमिला म्हणते, "मी मारलं, मीच सांगेन." तिला म्हटलं, अभ्यास कर.

१३ मार्च

ठाण्यात मी एकटी गेले. हवालदाराने विचारलं, मारलं कुणी? मी म्हटलं, मी. लाठी माझी, धरली होती मी.

त्याचा विश्वास बसेना. वनाला बोलावलं. वना म्हणाला, "लाठीवर हात कुणाकुणाचे होते ते मी पाहिलं नाही, गिऱ्हाईक होतं. पण आरोळी बाईंचीच. मुलगी एक शब्द बोलली नाही." जे ऐकलं तेच सांगितलं त्याने. हवालदाराला मी त्याचंच जानेवारीतलं वाक्य ऐकवलं, जो आधी धमकी देतो त्याचीच मारायची तयारी असते. त्याने लिहून घेतलं. मी सही केली. जन्मात पहिल्यांदा खोट्याखाली सही, आणि अक्षर नीट आलं.

जामीन गिरधर आबा राहिले. नोकरी दुपारीच गेली. उद्या पेपरला प्रमिलाला मीच नेणार. शब्द मी दिलाय, ट्रस्टने नाही.

आज कुणाला काय दिलं ते असं. वडिलांची लाठी, ठाण्यात. वसतिगृहाच्या किल्ल्या, बेबाबाईंकडे. कालपासून मी सांभाळलेलं हॉल तिकीट, प्रमिलाकडे. तिने ते डाव्या हाताने घेतलं. मी काही म्हटलं नाही.